वस्त्र, दागिने आणि आपली नजर

(मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला 'ख्रिस्ती स्त्रीची वेशभूषा' हा विषय दिला आहे. विषय जुनाच आहे. महिला संघाच्या सभेत वर्षातून एकदा तरी तो निघतो, आणि निघाला की आवाज चढतात. डोक्यावरचा पदर, टिकली, मंगळसूत्र, बांगड्या, जीन्स, कापलेले केस, सगळे त्यात येते. मी बरीच वर्षे नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगाव या डोंगरी तालुक्यांत काम करते आहे. म्हणून हा विषय मी पाड्यावरून मांडणार आहे. तुमच्या प्रार्थना आणि देणग्या जिथे पोहोचतात, तिथल्या बाया अंगावर काय घालतात, का घालतात, आणि त्या प्रभूकडे आल्यावर आपण त्यांना काय सांगतो, याविषयी आज बोलू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. ख्रिस्ती स्त्रीने मर्यादेने राहावे, यात मला शंका नाही. पवित्र शास्त्र तसे शिकवते. प्रश्न एवढाच आहे की ती मर्यादा कोणी ठरवायची. माझे उत्तर असे आहे की प्रत्येक विश्वासी स्त्रीने ती प्रभूसमोर, प्रार्थनापूर्वक, स्वतः ठरवावी. आपण तिला वचन शिकवावे, तिच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि मग तिच्या निर्णयाचा मान राखावा. असे का म्हणते ते सांगते.

आमच्याकडच्या भिल्ल आणि पावरा बायांच्या अंगावर चांदी असते. गळ्यात हासळी, दंडात वाक्या, पायात कडी. पाहुणे आले की त्यांना हे छान दिसते आणि ते फोटो काढतात. काही प्रचारकांना तोच जगिक डामडौल वाटतो. पण घराचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यात तिसरेच काही दिसते. शेतीचा सातबारा पुरुषाच्या नावावर असतो. बैल त्याचे असतात. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून जी उचल मिळते, ती त्याच्या हातात पडते. बाईच्या स्वतःच्या हक्काचे म्हणावे असे काय असते? अंगावरची चांदी. मृगाच्या आधी बियाणे घ्यायला ती सराफाकडे गहाण पडते आणि पीक आले की सोडवली जाते. मूल आजारी पडले की तीच कामी येते. एका बहिणीने मला सरळ सांगितले, "ताई, नवरा पिऊन येतो तेव्हा घरातली कोंबडीसुद्धा विकतो. माझ्या गळ्यातली हासळी मात्र त्याला विकता येत नाही, कारण ती काढायला मला आधी धरावे लागते."

आता अशा बाईला आपण बाप्तिस्म्याच्या आधी सांगितले की, "बहिणी, दागिने हे जगिक आहेत, ते काढून टाक," तर काय होते? ती बिचारी ऐकते. तिचे प्रभूवर प्रेम आहे, म्हणून ती काढते. ती चांदी प्रभूच्या पेटीत जात नाही. ती नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात जाते आणि आठवडी बाजारात मोडली जाते. एका पाड्यावर माझ्या माहितीत असेच घडले. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने तीन दिवसांच्या सभा घेतल्या, बायांनी दागिने उतरवले, आणि प्रचारक पुढच्या गावी गेले. दोन महिन्यांनी पाऊस लांबला. दुबार पेरणीला बियाणे हवे होते आणि गहाण टाकायला घरात काही नव्हते. त्यांतल्या दोन बायांनी सावकाराकडून पैसे घेतले, तेही नवऱ्याच्या अंगठ्यावर. प्रियांनो, ज्या उपदेशाने बाई सावकाराच्या दारी जाते, तो उपदेश पुन्हा एकदा शास्त्राशी ताडून पाहायला हवा.

तर आपण शास्त्राकडे वळू. या विषयावर दोन वचने नेहमी काढली जातात. एक पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले आणि दुसरे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले. पेत्र लिहितो की स्त्रीची शोभा केस गुंफण्यात, सोने घालण्यात आणि पोशाखात नसावी, तर अंतःकरणातील सौम्य व शांत आत्म्यात असावी. मूळ ग्रीक भाषेत तिथे नुसते 'वस्त्रे अंगावर घालणे' असे शब्द आहेत. हे वाक्य बंदीचा हुकूम म्हणून वाचले, तर कपडे घालण्यावरच बंदी येईल, आणि तसा अर्थ कोणी काढत नाही. पेत्र तुलना करतो आहे. देवाच्या दृष्टीने खरी शोभा कशात आहे, हे तो सांगतो.

पौलाचे वचन कोणाला उद्देशून आहे तेही पाहा. तीमथ्य तेव्हा इफिसात होता. इफिस हे मोठे व्यापारी बंदर होते. तिथल्या मंडळीत काही श्रीमंत स्त्रिया असाव्यात, म्हणूनच त्याच पत्राच्या शेवटी श्रीमंतांना वेगळी ताकीद दिली आहे. मोती आणि मोलाची वस्त्रे यांविषयी पौल बोलतो. मजूर बाईच्या अंगावर मोती कुठून येणार? प्रार्थनेला जमल्यावर एकीच्या श्रीमंतीने दुसरीची मान खाली जाऊ नये, ही त्या शिकवणुकीची बाजू आपण फार थोड्या वेळा सांगतो. याकोबाने तर चित्रच काढले आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातला गरीब आला की त्याला उभे राहा किंवा पायाशी बस. याकोबाने ज्याला दोष दिला तो सभेतल्या लोकांना दिला. मळक्या कपड्यातल्या माणसाला त्याने दोष दिला नाही.

आणखी एक जागा आहे. निर्गमाच्या पुस्तकात स्त्रियांच्या दागिन्यांचा उल्लेख दोन वेळा मोठ्या प्रसंगी येतो. बत्तिसाव्या अध्यायात अहरोन लोकांना सांगतो की तुमच्या बायकांच्या, मुलांच्या, मुलींच्या कानांतली सोन्याची कुंडले काढून माझ्याकडे आणा. ती आणली गेली आणि त्यांचे वासरू झाले. पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठी अर्पणे येतात. तिथे शास्त्र पुन्हा पुन्हा सांगते की ज्यांच्या अंतःकरणाला प्रेरणा झाली, त्या स्त्री-पुरुषांनी स्वेच्छेने दागिने आणले. सेवा करणाऱ्या स्त्रियांनी दिलेल्या आरशांपासून पितळेचे गंगाळ घडवले, असेही पुढे अडतिसाव्या अध्यायात आहे. सोने तेच, माणसे तीच. एकदा ते हुकमावरून उतरवले गेले आणि एकदा मनापासून दिले गेले. प्रभूच्या मंदिराला कोणते उपयोगी पडले, ते आपण जाणतो. आणि रिबकेच्या नाकात अब्राहामाच्या सेवकाने सोन्याची नथ घातली, ती तर प्रार्थनेचे उत्तर मिळाल्यावर घातली, हेही विसरू नये.

स्वेच्छेचे उदाहरण मी पाहिले आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या एका विधवा बहिणीने तिच्या दोन्ही वाक्या विकल्या आणि मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला घातले. तिला कोणी सांगितले नव्हते. ती म्हणाली, "प्रभूने माझ्या मनात घातले." त्याच मंडळीतली तिची जाऊ अजून हासळी घालून उपासनेला येते आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन देवळाचे अंगण झाडते. दोघी एकाच चटईवर बसतात. रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याविषयी सांगतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. त्या दोघी तो अध्याय जगतात, असे मला वाटते.

इतिहासातूनही दोन गोष्टी सांगते. पहिली आपल्या महाराष्ट्राबाहेरची, त्रावणकोर संस्थानातली आहे. आजच्या केरळचा दक्षिण भाग आणि तमिळनाडूचा कन्याकुमारी जिल्हा तेव्हा त्या संस्थानात होते. तिथे नाडर जातीच्या बायांनी वरच्या जातीच्या लोकांसमोर छाती झाकायची नाही, अशी रूढी होती. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रिया सैल जाकीट घालू लागल्या, आणि पुढे वरच्या जातीच्या बायांसारखे अंगवस्त्रही घेऊ लागल्या. त्यावरून अनेक वर्षे तंटे झाले. बाजारात त्यांचे कपडे फाडले गेले, शाळा आणि प्रार्थनागृहे जाळली गेली. शेवटी 1859 साली संस्थानाने जाहीरनामा काढून नाडर स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक दिली. तरीसुद्धा उच्च जातीच्या बायांप्रमाणे वस्त्र घ्यायचे नाही, ही अट राहिलीच. त्या बहिणींनी मर्यादेसाठी मार खाल्ला. पण ती मर्यादा त्यांची स्वतःची होती आणि तिच्यात त्यांचा मान होता. बाईने काय झाकावे आणि काय झाकू नये हे दुसऱ्याने ठरवले की काय होते, तेही या इतिहासात दिसते.

दुसरी गोष्ट आपल्या पंडिता रमाबाईंची. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या इंग्लंड-अमेरिकेत राहिल्या, मोठमोठ्या सभांतून बोलल्या, पण साडी सोडली नाही. त्यांची साधी पांढरी सुती साडी आपण फोटोंत पाहतो. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात क्रॉसवर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही प्रश्न त्यांनी विचारला होता. ज्यांनी त्यांना विश्वासात वाढवले, त्यांच्याशीही बाह्य गोष्टींबाबत त्या प्रेमाने पण ठामपणे वाद घालत. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये शेकडो मुली-बायांना आसरा देणाऱ्या या बाईंनी ख्रिस्ती होणे आणि मेमसाहेब होणे या दोन गोष्टी कधी एक होऊ दिल्या नाहीत.

आज आपल्याकडे काय दिसते ते बोलू. पाड्यावरच्या मुलीचे लग्न ठरले की पांढरी साडी, वेल आणि हातमोजे पाहिजेतच, असे तिला शहरातल्या फोटोंवरून वाटते. हौसेने घेतले तर आनंदच आहे. पण त्याशिवाय लग्न ख्रिस्ती होत नाही, असे समजून एखादा बाप उचल वाढवून घेतो आणि ती फेडायला तीच नवी जोडी ऊसतोडीला जाते. लाल लुगड्यात आणि आईच्या चांदीत लग्न लागले तरी पाळकसाहेबांचा आशीर्वाद तितकाच लागू होतो, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

आमच्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असते. लहानपणी आईने गोंदवून घेतलेले. आमच्याकडच्या जुन्या बाया म्हणतात, दागिने इथेच राहतात, गोंदण मेल्यावर सोबत येते. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातले वचन ऐकल्यापासून एक आजी प्रभुभोजनाच्या वेळी पदर भुवईपर्यंत ओढून बसू लागली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "हे पुसता येत नाही ना, मग निदान झाकते." साठ वर्षांपूर्वी आईच्या हाताने पडलेल्या हिरव्या टिपक्यांची लाज तिला प्रभूच्या मेजाजवळ वाटत होती. ते वचन मृतांसाठी अंगावर वार करून घेण्याच्या जुन्या रीतीबरोबर आले आहे. आणि शमुवेलाला देवाने सांगितले होते की मनुष्य बाहेरचे पाहतो, पण परमेश्वर अंतःकरण पाहतो. मी आजीजवळ बसून एवढेच समजावले. हळूहळू तिचा पदर मागे सरकला.

तरुण मुलींचे वेगळे आहे. सुरतेला कामाला गेलेली, आश्रमशाळेत शिकून पुढे कॉलेजला गेलेली मुलगी जीन्स किंवा सलवार-कमीज घालते. डोंगरात सायकल चालवताना, गाडीच्या टपावर चढताना, रात्रीच्या पाळीवरून येताना तिला तेच सोयीचे आणि सुरक्षित वाटते. अशी एक मुलगी नाताळाला घरी आली होती. उपासनेला गेली तर दारातच एका वडीलजनांनी सांगितले की साडी नेसून ये. घरात आईची एकच बरी साडी होती आणि ती आई नेसली होती. मुलगी बाहेर चिंचेखाली बसून राहिली. नाताळची उपासना तिने भिंतीपलीकडून ऐकली. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिची आई मला विचारते, "ताई, माझी पोर परत येईल का?" मला त्याचे उत्तर माहीत नाही. पदर किंवा ओढणी डोक्यावर घ्यावी, ही आपल्या बऱ्याच मंडळ्यांची रीत आहे आणि ती मला प्रिय आहे, मी स्वतः पाळते. पण दारात उभ्या असलेल्या मुलीला आत घेऊन एखाद्या बाईने आपली ओढणी तिला दिली असती, तर रीतही राहिली असती आणि मुलगीही.

बंधूंनो, आता जरा तुमच्याकडे वळते. बायांच्या कपड्यांमुळे पुरुषांचे मन चळते, असे आपण ऐकतो. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात या विषयावर अगदी थेट शिकवले आहे. वाईट नजरेने पाहणाऱ्याला त्याने त्याच्या स्वतःच्या डोळ्याविषयी सांगितले. समोरच्या बाईने काय नेसले होते, हा प्रश्न त्याने काढलाच नाही. उसाच्या फडात काम करणारी बाई गुडघ्याच्या वर लुगडे खोचते, कारण पाचटात ते अडकते. तिथे मुकादमाची नजर वाईट पडली तर दोष लुगड्याचा नसतो. या बहिणी आमच्याकडे येऊन रडतात तेव्हा "तू नीट राहत जा" एवढे सांगून त्यांना परत पाठवणारे लोक मंडळीतसुद्धा आहेत. तुम्ही तसे होऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि भगिनींनो, आता आपल्याविषयी. पौलाचे वचन पाड्यावरच्या बाईला लागू पडते त्याहून कितीतरी जास्त ते आपल्याला लागू पडते. नाताळच्या रविवारी शहरातल्या मंडळीत कोणत्या साड्या असतात, हे आपण जाणतो. जिल्हा महिला मेळाव्याला आमच्या बाया येतात तेव्हा शेवटच्या ओळीत बसतात. पुढे या म्हटले तरी येत नाहीत. एकदा कारण विचारले तर एकमेकींकडे पाहून हसल्या आणि एक म्हणाली, "तिथे सगळ्या चमकतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला ते वाक्य याकोबाच्या पत्रातूनच आल्यासारखे वाटले. कोणी काय नेसावे, हे मी ठरवणार नाही. आज सकाळपासून तेच सांगते आहे की ते ज्याचे त्याने ठरवायचे. फक्त कपाट उघडताना शेवटच्या ओळीतल्या बहिणीची आठवण ठेवा आणि मग प्रभूला विचारून काय ते ठरवा.

आता मिशनच्या कामाशी संबंधित काही विनंत्या करते.

पहिली, कपड्यांच्या गाठोड्यांविषयी. तुमचे प्रेम आम्हाला कळते. पण जाळीच्या साड्या, पार्टीचे झगे, तुटलेल्या चेनचे कुर्ते पाड्यावर उपयोगी पडत नाहीत. ते स्वीकारताना बाया गप्प राहतात, कारण दात्याला नाही म्हणणे त्यांना उद्धटपणा वाटतो. पाठवण्याआधी पाड्यावरच्या महिला गटाला काय हवे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येते की सुती लुगडे, परकराचे आणि पोलक्याचे कापड, शाळेतल्या मुलींना आतले कपडे, आणि थंडीसाठी चादर. यापोच्या दुर्कसविषयी प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे की ती विधवांसाठी वस्त्रे शिवत असे. तिच्या मृत्यूनंतर विधवा ती वस्त्रे दाखवून रडल्या. घातल्यावर कमीपणा वाटला असता, तर त्यांनी ती कोणाला दाखवली नसती.

दुसरी, फोटोंविषयी. या त्रैमासिकासाठीही फोटो लागतात. 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो, म्हणजे आधी चांदी आणि लुगडे, नंतर पांढरी साडी, कृपा करून मागू नका. तो फोटो पाहून गावकरी म्हणतात की ही आता आपली राहिली नाही. त्या बाईला मात्र त्याच गावात राहायचे असते, त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते. ज्या कपड्यात तिला फोटो काढावासा वाटतो, त्यातच काढू, आणि तिला विचारून काढू.

तिसरी, प्रचारक आणि प्रशिक्षणार्थी पाठवणाऱ्या मंडळ्यांना. दागिन्यांविषयी शिकवण देण्याआधी त्या गावच्या बायांशी बसून बोलावे. एखादी बहीण स्वतःहून दागिने उतरवू इच्छित असेल, तर तिच्या बचत गटाच्या सोबतिणींना बरोबर घ्यावे आणि मोडून आलेले पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जातील हे पाहावे. तिचे अर्पण तिच्या हातून व्हावे.

शेवटी प्रार्थनेची विनंती. जे वडीलजन मुलींना दारात अडवतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, ते प्रभूवर प्रेम करणारेच लोक आहेत. उपासनेपासून दूर गेलेल्या मुलींसाठी करा. पाड्यावरच्या बहिणी वचन वाचायला शिकत आहेत, अनेकींनी यंदा पहिल्यांदा स्वतः शुभवर्तमान वाचले. त्या वाचतील, आपसात बोलतील आणि आपली मर्यादा स्वतः ठरवतील. ती आपल्याला अपेक्षित होती तशी असेलच असे नाही. तेव्हाही त्यांना आपल्याजवळ, पहिल्या ओळीत बसवण्याची कृपा प्रभू आपल्या सर्वांना देवो.

आमेन.